विकासाची रेषा आणि माळढोकाची मर्यादा

राजस्थान आणि गुजरातमधील माळढोक पक्ष्याच्या रक्षणाविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर २०२५ रोजी जो निकाल दिला, त्याकडे केवळ एका पक्ष्याविषयीचा निकाल म्हणून पाहणे ही मोठी चूक ठरेल. वरवर पाहता हा वाद वीजवाहिन्या आणि एक दुर्मीळ पक्षी यांच्यातील आहे. प्रत्यक्षात मात्र देशाला हवी असलेली वीज, रस्ते, धरणे आणि त्याच भूमीवर आपल्याआधीपासून नांदत असलेली जीवसृष्टी यांची सांगड कशी घालायची, हा येत्या अनेक दशकांचा प्रश्न या निकालाच्या निमित्ताने आपल्यासमोर उभा राहिला आहे. महाराष्ट्राचा तर या प्रश्नाशी फार जवळचा संबंध आहे. हीच परीक्षा आपण सोलापूरच्या माळावर एकदा दिली आहे आणि तिच्यात आपण नापास झालो आहोत.

माळढोक हा आपल्या देशाचा मानबिंदू ठरावा असा पक्षी. उंची सुमारे एक मीटर, पूर्ण वाढलेल्या नराचे वजन १५ किलोपर्यंत. जगातील सर्वांत जड उडणाऱ्या पक्ष्यांत त्याची गणना होते. राष्ट्रीय पक्षी निवडण्याची चर्चा सुरू असताना ज्येष्ठ पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी त्याचाच पुरस्कार केला होता. तो मान १९६३ साली मोराला मिळाला. मोराने माणसाच्या वस्तीशी जुळवून घेतले. माळढोकाला ते जमले नाही. तो झाडावर बसत नाही, घरटे बांधत नाही. मोकळ्या माळावर, उघड्या जमिनीवर मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते. त्या अंड्यावर कुत्र्याची नजर पडली वा गुरांचा पाय पडला, की तो विणीचा हंगाम वाया गेला. ज्याची वाढ इतकी संथ, त्याचा ऱ्हास भरून निघत नाही. १९६९ साली देशात सुमारे १,२६० माळढोक असल्याचा अंदाज धर्मकुमारसिंहजी यांनी बांधला होता. आज रानात राहिलेल्यांची संख्या दीडशेच्याही आत असल्याचे मानले जाते आणि त्यातील बहुतेक सारे जैसलमेरच्या परिसरात एकवटले आहेत. तेथे या पक्ष्याला ‘गोडावण’ म्हणतात.

याच जैसलमेर-जोधपूरच्या पट्ट्यात देशातील सर्वांत प्रखर ऊन पडते. भडला येथील २,२४५ मेगावॅटचे सौरऊर्जा केंद्र याच मरुभूमीत उभे आहे. २०३० पर्यंत जीवाश्म इंधनाविना ५०० गिगावॅट वीजनिर्मितीची क्षमता गाठण्याचा संकल्प भारताने २०२१ साली ग्लासगो येथे जगासमोर जाहीर केला. तो पूर्ण व्हायचा तर ही मरुभूमी हवीच. परंतु सौर पटलांवर तयार झालेली वीज शहरांपर्यंत न्यायची तर मनोरे आणि तारा आल्याच. माळढोकाची दृष्टी दोन्ही बाजूंना चांगली असली तरी समोरचे त्याला नीट दिसत नाही, आणि देह जड असल्यामुळे अंगावर आलेली तार ऐन वेळी चुकवणेही त्याला जमत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासानुसार थरच्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात विविध जातींचे मिळून वर्षाला सुमारे ८४,००० पक्षी तारांवर आदळून मरतात. त्यांत माळढोक मोजकेच. पण ज्याची एकूण संख्याच दीडशेच्या आत आहे, त्याच्या बाबतीत प्रत्येक मृत्यू हा कुलक्षय ठरतो.

हा प्रश्न २०१९ साली न्यायालयात नेणाऱ्यांत प्रमुख होते एम. के. रणजितसिंह. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा ज्यांच्या हातून लिहिला गेला, ते हेच माजी सनदी अधिकारी. ज्याने कायद्याचा मसुदा लिहिला, त्यालाच त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील पक्ष्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, यातच आपल्या कारभाराची स्थिती कळते. १९ एप्रिल २०२१ रोजी न्यायालयाने माळढोकाच्या अधिवासातील वीजवाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला. त्याची व्याप्ती सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर होती. अतिउच्च दाबाच्या वाहिन्या लांब अंतरापर्यंत जमिनीखालून नेणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही आणि खर्चाच्या दृष्टीने परवडणारे नाही, अशी भूमिका केंद्र सरकारने मांडली. २१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने तो सरसकट आदेश बदलला, तज्ज्ञांची समिती नेमली आणि हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणे हा नागरिकांचा हक्क असल्याचे सांगितले. समितीच्या अभ्यासानंतर डिसेंबर २०२५ मध्ये जो निकाल आला, त्यात राजस्थानातील १४,०१३ आणि गुजरातमधील ७४० चौरस किलोमीटर इतके प्राधान्यक्षेत्र निश्चित झाले. हे क्षेत्र पूर्वीच्या प्राधान्यक्षेत्रापेक्षा किंचित मोठेच आहे. त्यात नव्या पवनचक्क्या आणि मोठे सौर प्रकल्प यांना मज्जाव आहे. काही वाहिन्या भूमिगत करायच्या आहेत, काहींचे मार्ग बदलायचे आहेत. मात्र त्याबाहेरचा विस्तीर्ण प्रदेश सरसकट बंधनातून मोकळा झाला आहे.

या निकालावर दोन्ही टोकांचे लोक नाराज आहेत. एका टोकाला ते पर्यावरणवादी, ज्यांना प्रत्येक धरणात, प्रत्येक महामार्गात आणि प्रत्येक मनोऱ्यात केवळ विनाशच दिसतो. विजेच्या दिव्याखाली बसून वीजप्रकल्पाविरुद्ध पत्रके लिहिण्यात त्यांना विसंगती वाटत नाही. दुसऱ्या टोकाला ते विकासवादी, ज्यांच्या मते दीडशे पक्ष्यांसाठी हजारो कोटींचे प्रकल्प अडवणे म्हणजे शुद्ध वेडेपणा. आमच्या मते दोघांचीही चूक एकच आहे. दोघांनाही नकाशा दिसतो. त्या नकाशावरील भूमी आणि त्या भूमीवरचा माणूस दिसत नाही. हे केवळ शाब्दिक विधान नाही. त्याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे.

१९७९ साली महाराष्ट्र शासनाने सोलापूर व त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य घोषित केले. नान्नज हे त्याचे केंद्र. अभयारण्याचे क्षेत्र किती? तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. या रेषेच्या आत गावे आली, बाजारपेठा आल्या, करमाळ्यासारखे तालुक्याचे ठिकाण आले आणि मुख्य म्हणजे लक्षावधी शेतकऱ्यांची खासगी जमीन आली. प्रत्यक्ष माळढोकाचा वावर होता तो त्यातील थोड्याशा गवताळ तुकड्यांवर आणि त्यांच्या आसपासच्या जिरायती रानात. वन्यजीव कायद्याच्या कलम २० प्रमाणे अधिसूचित क्षेत्रात वारसाहक्क वगळता जमिनीवर नवा हक्क निर्माण होऊ शकत नाही. म्हणजे मुलीच्या लग्नासाठी वा आजारपणासाठी शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा तुकडा विकायचा झाला, तरी आड कोण येणार? माळढोक! ज्या पक्ष्याला कुणब्या-धनगरांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या ज्वारीच्या रानात सुखाने फिरू दिले, तोच पक्षी एका कागदाने त्यांचा वैरी ठरवला.

या इतिहासाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. अभयारण्याची घोषणा १९७९ ची. भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले १९८० साली. १९७२ च्या दुष्काळात होरपळलेल्या सोलापूर जिल्ह्याला त्या पाण्याने जीवदान दिले, याविषयी दुमत नाही. परंतु एकाच शासनाच्या एका खात्याने ज्या प्रदेशाला कोरडवाहू माळ म्हणून अभय दिले, त्याच प्रदेशाकडे दुसऱ्या खात्याने कालवे वळवले. ज्वारी, करडई, भुईमूग, हरभरा ही माळढोकाला मानवणारी पिके मागे हटली आणि ऊस व द्राक्षे पुढे आली. उसाच्या फडात माळढोक राहू शकत नाही. या दोन खात्यांनी एका मेजावर बसून कालवा कोठवर न्यायचा आणि माळ कोठे राखायचा हे ठरवले असते, तर दोन्ही साधले असते. तसे झाले नाही. अभयारण्याच्या रेषेने शेतकरी अडला, पण ऊस अडला नाही.

पुढे अनेक वर्षांची आंदोलने, निवेदने आणि अभ्यास झाले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने या अभयारण्याचे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. म्हणजे मूळ क्षेत्राच्या सुमारे एक सप्तमांश. हा निर्णय योग्यच होता. पण तो यायला तेहतीस वर्षे लागली. तोवर माळढोक जवळजवळ संपला होता. अलीकडच्या वर्षांत नान्नजच्या माळावर एखादा-दुसरा पक्षी दिसला तर ती बातमी होते.

मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातील करेरा येथेही हेच घडले. तेथे १९८१ साली २०२ चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, लोकांचा रोष वाढला आणि १९९० च्या दशकात माळढोक तेथून नाहीसा झाला. आता ते अभयारण्यच मोडीत निघाले आहे. मोठ्या रेषेचा हा अनुभव, तर लहान रेषेचा अनुभव कच्छमध्ये पाहावा. अबडासा तालुक्यात १९९२ साली माळढोकासाठी जे अभयारण्य घोषित झाले, त्याचे क्षेत्र अवघे दोन चौरस किलोमीटर. पक्षी चरायला आणि विणीला बाहेरच्या माळावर जाणार हे उघड होते. त्या माळावर पवनचक्क्या आणि तारा आल्या. आज कच्छमध्ये मोजक्या माद्याच उरल्याच्या नोंदी आहेत.

साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्यही अपयशी आणि दोन चौरस किलोमीटरचेही अपयशी! यावरून काय बोध घ्यायचा? वन्यजीवांचे रक्षण क्षेत्राच्या आकड्यावर ठरत नाही. रेषा कोठे आखली, ती आखताना पक्ष्याच्या प्रत्यक्ष वावराचा अभ्यास झाला होता का, आणि तेथील माणसाला विचारले होते का, यावर ते ठरते. आपल्या भाषेत यासाठी ‘मर्यादा’ हा नेमका शब्द आहे. मर्यादा म्हणजे केवळ बंदी नव्हे. ती जेवढी दुसऱ्याला अडवते तेवढीच स्वतःलाही बांधते. आणि ती आधी आखलेली असते, भांडण झाल्यावर नव्हे. थरमध्ये २०२१ साली अशीच अफाट रेषा ओढली गेली आणि चार वर्षांत ती सुमारे एक सप्तमांशावर आली. नान्नजचीच ही पुनरावृत्ती आहे. फरक एवढाच की, या वेळी पक्षी अजून शिल्लक आहे. ही आपल्याला मिळालेली शेवटची संधी आहे.

राज्याची गरज आणि निसर्गाची राखण यांचा मेळ कसा घालावा, हे शिकण्यासाठी आपल्याला परक्यांच्या दारी जाण्याची आवश्यकता नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण आहे. आरमार हा त्या काळचा सर्वांत मोठा राष्ट्रीय प्रकल्प. सागरावर सत्ता नसेल तर स्वराज्य टिकणार नाही, हे ओळखून उभा केलेला. त्यासाठी लाकूड हवेच होते. आज्ञापत्र सांगते की, सागवानादी लाकूड लागेल ते परवानगीने तोडावे, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे. मात्र रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊनच तोडावे. सक्ती करू नये.

या आदेशात आरमार थांबवलेले नाही आणि झाडही गमावलेले नाही. गरज किती हे आधी ठरवले आहे, अन्यत्रचा पर्याय दिला आहे, हळू वाढणाऱ्या गोष्टीला विशेष संरक्षण दिले आहे आणि धन्याच्या संमतीला व मोबदल्याला स्थान दिले आहे. आजच्या भाषेत ज्याला प्रकल्पाचा पर्यावरणीय आघात-अभ्यास म्हणतात, त्याची सारी अंगे या काही ओळींत सामावली आहेत.

याउलट आजची आपली व्यवस्था पाहा. पर्यावरणीय आघात-मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेतून सौर प्रकल्प वगळलेले आहेत. वीजवाहिन्यांनाही त्याची गरज पडत नाही. प्रदूषण न करणारी वीज म्हणून ही सवलत दिली गेली आणि त्यामागचा हेतू चांगला होता. पण धूर निघत नाही म्हणून आघात होत नाही असे नाही. सहसा प्रकल्पाची जागा ठरते, निविदा निघते, कर्ज मंजूर होते, मनोरे उभे राहतात आणि मग कोणीतरी न्यायालयात जातो. त्यातून गुंतवणूकदाराचे नुकसान होते, देशाचा वेळ जातो आणि वन्यजीवांचे व्हायचे ते होतेच. अधिवासाचा नकाशा निविदेच्या आधी तयार असता, तर ही सहा वर्षांची न्यायालयीन लढाई टळली असती.

दुसरा दोष आपल्या शब्दांतच आहे. इंग्रजी राजवटीच्या महसुली व्यवस्थेला ज्या जमिनीतून सारा मिळत नव्हता, ती तिने ‘पडीक’ ठरवली. राज्य गेले, पण तो शब्द आपल्या दप्तरात राहिला. माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे. माळढोक, तणमोर, काळवीट, लांडगा, खोकड यांचे ते घर आहे आणि धनगरांच्या मेंढरांचे ते कुरण आहे. जंगल तोडताना निदान कोणी तरी हरकत घेतो. माळावर बांधकाम झाले तर ‘उजाड जागेचे सोने झाले’ म्हणून सत्कार होतात. वृक्षारोपणाच्या उत्साहात गवताळ माळावर झाडांच्या रांगा उभ्या करणे हाही याच अज्ञानाचा प्रकार आहे. ज्या पक्ष्याला दूरवर मोकळे दिसायला हवे, त्याच्या घरात आपण सद्‌भावनेने भिंती उभारतो.

योग्य नियोजन केले तर मार्ग निघतो, याचेही उदाहरण आपल्याच राज्यात आहे. नागपूर-शिवनी महामार्गाचे चौपदरीकरण पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातून जाणार होते. त्यावरही वाद झाले, प्रकरण न्यायालयात गेले. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत वन्यप्राण्यांसाठी नऊ ठिकाणी महामार्गाखालून वाटा ठेवण्यात आल्या. त्यांपैकी सर्वांत मोठी ७५० मीटर लांबीची आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ साली तेथे कॅमेरे लावले, तेव्हा वाघांसह अठरा जातींचे वन्यप्राणी त्या वाटांचा वापर करत असल्याचे दिसून आले. वरून मालमोटारी धावतात आणि खालून वाघ जातो. खर्च वाढला हे खरे. पण रस्ताही झाला आणि रानही तुटले नाही. पुढे समृद्धी महामार्गाच्या आराखड्यातही वन्यप्राण्यांसाठी अशा वाटा धरण्यात आल्या. जो खर्च आराखड्यात आधी धरला जातो तो भार वाटत नाही. नंतर लादला गेला की तोच अडथळा वाटतो.

राजस्थानात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तेथील गावोगावी देवाच्या नावाने राखलेली ‘ओरण’ आहेत. आपल्याकडच्या देवराईची ती मरुभूमीतील बहीण. ओरणात कुऱ्हाड चालवायची नाही, ही आण पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. खेजडीच्या झाडांसाठी १७३० साली ३६३ बिष्णोई स्त्रीपुरुषांनी जोधपूरजवळच्या खेजडली गावात प्राण दिले, ते याच भूमीत. आज त्याच ओरणांची जमीन महसुली कागदावर सरकारी पडीक म्हणून नोंदलेली असल्यामुळे प्रकल्पांना दिली जाते, आणि जैसलमेरचे ग्रामस्थ आपल्या श्रद्धास्थानांची नोंद व्हावी म्हणून पायपीट करतात. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानातील अशा देवरायांचे सर्वेक्षण व नोंद करण्याचा आदेश दिला. त्याची अंमलबजावणी प्रामाणिकपणे झाली, तर माळढोकाच्या रक्षणाचे अर्धे काम होईल. कायद्याचा शिपाई सर्व ठिकाणी पोहोचत नाही. श्रद्धा मात्र गुराख्याच्या मनात त्याच्याबरोबरच रानात असते.

म्हणूनच शासनाकडून काही ठोस अपेक्षा आहेत. गवताळ प्रदेशांची स्वतंत्र नोंद व्हावी आणि ‘पडीक’ हा शिक्का त्यांच्यावरून पुसला जावा. ऊर्जा, पाटबंधारे, रस्ते आणि वन या खात्यांनी प्रकल्पाची जागा ठरवण्यापूर्वी एकच नकाशा समोर ठेवावा. दुर्मीळ जीवांच्या अधिवासात येणाऱ्या सौर प्रकल्पांना आणि वीजवाहिन्यांना आघात-मूल्यांकनातून सूट नसावी. प्राधान्यक्षेत्राबाहेर मात्र परवानग्यांचा घोळ घालून उद्योजकाला रखडवू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, माळढोकाच्या परिसरात जो शेतकरी ज्वारी-हरभऱ्याचे रान राखतो आणि कुंपण घालत नाही, त्याला त्याचा मोबदला मिळावा. उद्योगांच्या सामाजिक दायित्वात पर्यावरणाचे दायित्वही अंतर्भूत आहे, असे डिसेंबर २०२५ च्या निकालात न्यायालयाने म्हटले आहे. हा निधी पहिल्यांदा त्या शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचला पाहिजे.

जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा येथील प्रजनन केंद्रांत आज साठहून अधिक माळढोक वाढत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथे कृत्रिम रेतनातून पहिले पिलू जन्माला आले. आपल्या शास्त्रज्ञांचे हे यश अभिमानास्पद आहे. परंतु ही पिले मोठी झाल्यावर सोडायची कोठे? त्यांच्यासाठी तारांविना, कुत्र्यांविना मोकळा माळ आपण राखला नाही, तर ही केंद्रे म्हणजे जिवंत पक्ष्यांचे संग्रहालय ठरतील. त्या माळांत नान्नजचाही क्रमांक लागावा, अशी आकांक्षा महाराष्ट्राने का धरू नये?

यात शासनाइतकेच समाजाचेही कर्तव्य आहे. राज्यघटनेच्या ५१-अ (ग) या कलमाने वन्यजीवांचे रक्षण आणि प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. ग्रामीण भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपल्या गावचे गायरान आणि देवराई सातबाऱ्यावर कोणत्या नावाने नोंदली आहे, हे एकदा तलाठ्याकडे जाऊन पाहावे. नोंद नसेल तर ग्रामसभेत ठराव करून ती करवून घ्यावी. वृक्षारोपणाचा कार्यक्रम घेताना ती जागा झाडाची आहे की गवताची, हे आधी विचारावे. शहरातील कुटुंबांनी मुलांना वाघ-सिंहांबरोबर माळावरचा लांडगा आणि माळढोकही दाखवावा, नान्नजला घेऊन जावे, तेथील शेतकऱ्याशी बोलावे. त्या शेतकऱ्याने या पक्ष्यापायी काय सोसले, हे मुलांना त्याच्याच तोंडून कळू द्यावे.

भारत समर्थ व्हायचा तर वीज हवी, रस्ते हवेत, पाणी हवे. याविषयी आमच्या मनात संदेह नाही. पण हे सारे आपण ज्या भूमीला माता म्हणतो तिच्याच अंगावर उभे राहणार आहे आणि तिची लेकरे केवळ आपणच नाही. थरमधील रेषा आता आखली गेली आहे. ती आखायला न्यायालयाला सहा वर्षे लागली. ती पाळण्याचे काम राज्य सरकारे, उद्योजक आणि ग्रामस्थ यांचे आहे, आणि ते आजपासूनच सुरू झाले पाहिजे. सोलापूरच्या माळाने तेहतीस वर्षे वाट पाहिली. जैसलमेरच्या गोडावणाकडे तेवढा अवधी नाही.